गाडी अडवून विचारलेला प्रश्न

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातले अडखळे काढले आहेत, बाकी तसंच ठेवलंय.)

ब्रिटनमध्ये आश्रय मागायला येणाऱ्या लोकांबद्दल बोला, असं तुमच्यापैकी बरेच जण सुचवत होते. मी टाळत होते, कारण इथे राहून या विषयावर बोलायचं म्हणजे स्वतःबद्दलही बोलावं लागतं.

४ ऑगस्ट २०२४, रविवार. ईशान्य इंग्लंडमधलं मिडल्सबरो शहर. रस्त्यावर जमाव, आणि काही जण येणाऱ्या गाड्या थांबवून चालकाला विचारतायत : तू गोरा आहेस का? इंग्लिश आहेस का? तो व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. आठवडाभर आधी साउथपोर्टला एका नृत्यवर्गात तीन लहान मुलींचा खून झाला होता. मारेकरी होडीतून आलेला आश्रयार्थी आहे, अशी अफवा उठली. तो वेल्समध्ये, कार्डिफला जन्मलेला होता, तरी दंगली पेटल्या. त्याच रविवारी रॉदरहॅमजवळ आश्रयार्थींना ठेवलेलं हॉटेल जाळायचा प्रयत्न झाला. आत माणसं होती.

त्या दिवशी आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकानं लिहिलं, ‘आपण लीगल आलोय, टॅक्स भरतो. आपल्याला कशाची भीती?’ धडाधड अंगठे पडले. खोटं कशाला बोलू, एक माझाही होता. रात्री तो व्हिडिओ पाहिला. गाडी अडवणाऱ्यानं कुणाला व्हिसा विचारला नव्हता.

आता हे ‘लीगल’ प्रकरण जरा बघू. आश्रय मागणं हा गुन्हा नाही. १९५१च्या निर्वासितविषयक करारावर ब्रिटनची सही आहे. आणि कागद चोख असले तरी माणूस नकोसा होऊ शकतो, हे तर आपल्याच लोकांनी इथे भोगलंय.

१९६८ साल. स्वातंत्र्यानंतर केनियातल्या भारतीय वंशाच्या लोकांचे परवाने, नोकऱ्या जायला लागल्या. त्यातल्या अनेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होता. ते निघाले, तर संसदेनं तीन दिवसांत कायदा करून त्यांची वाट अडवली. अट काय घातली? ज्याचे आईबाप किंवा आजीआजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले, नोंदलेले वगैरे असतील, त्याला मोकळं दार. आता नैरोबीतल्या गुजराती दुकानदाराचा आजा कुठला लंडनमध्ये जन्माला येणार! कायद्यात ‘गोरा’ हा शब्द कुठेही नाही. तशी गरजच पडली नाही.

मग १९७२. इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. लेस्टरच्या नगरपालिकेनं थेट युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली : आमच्याकडे घरं नाहीत, शाळा भरल्यात, तुमच्याच भल्यासाठी लेस्टरला येऊ नका. लोक आलेच. म्हणे जाहिरातीमुळेच काहींना लेस्टरचं नाव कळलं, आता खरं-खोटं देव जाणे. २०२१च्या जनगणनेत शहरातल्या ४३ टक्के लोकांनी स्वतःला आशियाई म्हणून नोंदवलं. बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी आता नगरपालिकाच भरवते.

इथे गोष्ट संपली असती तर गोड झाली असती. पण सुएला ब्रेव्हरमन यांचं उदाहरण घ्या. वडिलांचं कुटुंब मूळ गोव्याचं, आडनाव फर्नांडिस. ते केनियातून लंडनला उतरले फेब्रुवारी १९६८मध्ये. वर सांगितलेला कायदा लागू झाला १ मार्चला! मुलगी पुढे गृहमंत्री झाली, आणि ऑक्टोबर २०२२मध्ये संसदेत उभं राहून होड्यांतून येणाऱ्यांबद्दल ‘आक्रमण’ हा शब्द वापरला. त्यांच्या आधीच्या प्रीती पटेल, आईवडील युगांडाचे. आश्रयार्थींना रवांडाला पाठवायचा करार त्यांनीच केला.

याला ढोंग म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला वाटतं, यात भीती जास्त आहे. मागून येणाऱ्याशी आपली तुलना झाली तर आपलं इथलं स्थान पुन्हा डळमळेल, ही. आमच्या ग्रुपवरच्या ‘लीगल’मध्येही तीच होती.

रवांडा करार झाला एप्रिल २०२२ला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी त्याच सरकारनं युक्रेनमधून येणाऱ्यांना घरी ठेवणाऱ्या कुटुंबांना महिना ३५० पौंड द्यायची योजना काढली होती. लोकांनी खरोखर मनापासून घरं उघडली, ते कमी लेखायचं नाही. पण त्याच युद्धातून पळणाऱ्या आफ्रिकी आणि भारतीय विद्यार्थ्यांना सीमेवर मागे ढकललं जात होतं.

सगळं रंगावर ढकलू नका, असंही कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. २०१६मध्ये १५ युरोपीय देशांतल्या १८,००० मतदारांचा एक मोठा अभ्यास आला. काल्पनिक आश्रयार्थींची माहिती पुढे ठेवायची आणि कुणाला घ्याल ते विचारायचं. कामाला येईल असा माणूस, ज्याच्या कहाणीत विसंगती नाही असा, छळ सोसलेला, यांना लोकांनी पसंती दिली. मुसलमान असेल तर मात्र पसंती स्पष्ट घसरली. म्हणजे दया असते, हिशोब असतो, आणि ‘आपल्यातला की नाही’ हेही असतं. अभ्यासात निदान माहिती वाचायला वेळ दिला होता. गाडीच्या काचेतून फक्त चेहरा दिसतो.

आणि ७ ऑगस्टला, इमिग्रेशन वकिलांच्या कार्यालयांवर हल्ले होणार अशी यादी फिरत असताना, हजारो लोक दंगलखोरांच्या विरोधात रस्त्यावर उतरले. त्यात गोरे पुष्कळ होते. हेही सांगायलाच हवं.

आमच्याकडे त्या आठवड्यात गणपतीच्या ढोल-ताशाची तालीम होती. हॉलवाल्यानं काही म्हटलं नव्हतं, आम्हीच रद्द केली. ‘अंधार पडायच्या आत घरी जा, एकेकटे फिरू नका’, असा मेसेज आला. त्यावर पहिला अंगठा ‘आपण लीगल’वाल्याचाच होता. मी त्याला फोन केला. बराच वेळ बोललो, पण या विषयावर नाही.

तुमचे अनुभव लिहून पाठवा, विरोधातले असले तरी. भेटू पुढच्या भागात.