संगणकाच्या वेगाची सीमा



संगणकाचा वेग वर्षानुवर्षे आपोआप वाढत राहणार, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. तिला एके काळी भक्कम आधारही होता. १९७१ साली अमेरिकेतील इंटेल कंपनीने तयार केलेल्या ४००४ या सूक्ष्म प्रक्रियकात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याच्या अंतर्गत घड्याळाचे ठोके सेकंदास सुमारे ७ लाख ४० हजार पडत. २००४ साली ही ठोक्यांची संख्या ३८० कोटींपर्यंत गेली. म्हणजे ३३ वर्षांत वेग सुमारे पाच हजार पटींनी वाढला. त्यानंतरच्या दोन दशकांत मात्र बाजारातील प्रक्रियकांना त्याच्या दुपटीचाही पल्ला गाठता आलेला नाही.

याची कारणे निसर्गनियमांत आहेत. सेकंदाच्या एक अब्जांश भागात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. सेकंदास ३८० कोटी ठोके पडत असतील, तर एका ठोक्यात प्रकाशही जेमतेम ८ सेंटिमीटर जाईल. तारेतील विद्युत् संदेश तर त्याहून मंद असतो. त्याहून मोठा अडसर उष्णतेचा आहे. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याचा विद्युत् दाबही कमी करता येतो आणि उष्णता आटोक्यात राहते, हे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखविले होते. परंतु ट्रान्झिस्टरमधील निरोधक थर अवघ्या पाच-सहा अणूंच्या जाडीचा झाला, तेव्हा इलेक्ट्रॉन त्यातून पाझरू लागले. ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज गळू लागली, दाब आणखी उतरविणे कठीण झाले आणि चिप तापू लागली.

मग अनेक प्रक्रियकांमध्ये काम वाटून देण्याची वाट उरली. ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक याच समांतर पद्धतीचा होता.

मात्र या वाटेलाही मर्यादा आहे. भाताची लावणी वीस माणसे लवकर उरकतील. पण पीक तयार होण्याचे दिवस माणसे वाढवून कमी होत नाहीत. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हाच मुद्दा मांडला होता. एखाद्या कामाचा दहावा हिस्सा वाटून देता येत नसेल, तर हजारो प्रक्रियक लावूनही ते दहापटीहून अधिक वेगाने होणार नाही.

पूर्वी जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर आपसूक वेगाने चाले. ते दिवस आता सरले आहेत. हवामानाचा अंदाज असो वा नव्या औषधाचा शोध, काम कसे विभागावे याचा विचार यापुढे माणसालाच करावा लागेल. म्हणून महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना समांतर आज्ञावलीलेखनाचे शिक्षण प्रारंभापासूनच मिळणे अगत्याचे आहे. त्यावाचून महागडी यंत्रे आणूनही त्यांची बरीचशी शक्ती निष्क्रिय पडून राहील.