टंकयंत्र, तिजोरी आणि आपण

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात वणी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'उद्योग आणि आपला समाज' असा विषय मला देण्यात आला आहे. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेत कारकुनी करणारा माणूस आहे. म्हणून मोठमोठे सिद्धांत न मांडता एकाच कंपनीची हकिगत सांगतो. तिची कपाटे आपल्या लग्नात आंदण म्हणून दिली जातात, तिच्या तिजोऱ्या आमच्यासारख्यांच्या बँकांतून असतात, आणि तिच्याच टंकयंत्रावर आपल्या कितीतरी मुलांनी बोटे झिजवून नोकरी मिळवली. ही कंपनी म्हणजे गोदरेज आणि बॉईस. तिची स्थापना १८९७ साली झाली. २०२२ मध्ये तिला सव्वाशे वर्षे पूर्ण झाली. एवढा काळ ती एकाच घराण्याच्या हाती राहिली आहे, हे ध्यानात घ्या.

संस्थापक अर्देशीर गोदरेज यांचा जन्म १८६८ चा. मुंबईच्या पारशी कुटुंबातला हा तरुण कायदा शिकला आणि एका खटल्यासाठी पूर्व आफ्रिकेत झांझिबारला गेला. तेथे अशिलाच्या बाजूने खोटे बोलण्याची वेळ आली, तेव्हा त्याने वकिलीच सोडली. आपण पंचशीलातले चौथे शील रोज म्हणतो. त्या शीलापायी चालता धंदा सोडणारा माणूस मात्र क्वचितच दिसतो. परत आल्यावर त्याने शस्त्रक्रियेची हत्यारे बनवायला घेतली. माल पसंत पडला, पण त्यावर 'भारतात बनविलेले' असा शिक्का असेल तर घेणार नाही, असे गिऱ्हाईक म्हणाले. शिक्का काढण्यापेक्षा अर्देशीरांनी तो धंदा बंद केला. नंतर मुंबईतल्या चोऱ्या-घरफोड्यांच्या बातम्या वाचून त्यांनी लालबागला कुलुपांचा कारखाना काढला. पुढे तिजोऱ्या आल्या, मग धाकटे बंधू पिरोजशा आले, कपाटे आली, आणि प्राण्यांची चरबी न घालता वनस्पती तेलाचा साबणही आला.

आता एक गोष्ट आपल्या समाजाशी थेट संबंध असणारी. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला अर्देशीरांनी तीन लाख रुपये दिले. त्या काळचे तीन लाख! अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी ही रक्कम वापरावी, असा त्या देणगीमागचा हेतू सांगितला जातो. या फंडात एक कोटीच्या वर रक्कम जमली. त्यातली अस्पृश्यांच्या कामावर किती खर्च झाली, याचा हिशेब पुढे बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडला. तो आकडा त्रेचाळीस हजारांच्या आसपास आहे. मी दिवसभर जमा-खर्चाच्या रकान्यांत वावरणारा माणूस आहे. देणगीदाराचा हेतू एक आणि खर्चाचा रकाना दुसरा, हे वाचून मला राग येतो. पण तो राग देणाऱ्यावर नाही. देणाऱ्याने दिले होते, पोहोचले नाही. बाबासाहेबांनी नुसता राग केला नाही, हिशेब मागितला. आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेतही हिशेबाच्या वेळी मंडळी चहाला उठून जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

स्वातंत्र्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. प्रौढ मताधिकार घटनेने दिला होता. पण ज्या पेटीत मत टाकायचे ती पोलादी पेटी कोणीतरी बनवायला हवी होती. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात अशा लक्षावधी मतपेट्या तयार झाल्या. त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेबांचा पराभव झाला, हेही आपल्याला ठाऊक आहे. आपल्या आजोबा-आजींनी आयुष्यात पहिल्यांदा मत टाकले तेही त्याच निवडणुकीत.

आता टंकयंत्राकडे येतो, कारण आजच्या विद्यार्थ्यांनी ते पाहिलेलेही नसेल. १९५५ पर्यंत आपल्याकडे टंकयंत्र म्हटले की रेमिंग्टनसारखी परदेशी नावे येत. त्या साली गोदरेजने संपूर्ण देशी टंकयंत्र बाजारात आणले. आशियातले ते पहिले मानले जाते. हजाराहून अधिक लहानमोठे सुटे भाग, आणि एकाचा केसभर फरक पडला तर अक्षर ओळीतून खाली उतरते. मराठीचे यंत्र त्याहून अवघड. इंग्रजीला सव्वीस अक्षरे पुरतात. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, आणि हे सारे चाळीस-पंचेचाळीस कळांत बसवायचे. काही कळा अशा की त्या दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नाही. मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसावी म्हणून ती युक्ती. ज्याने मराठी टंकलेखन शिकले, त्याच्या बोटांना ही युक्ती पाठ असे.

मराठी मिनिटाला तीस शब्द आणि इंग्रजी चाळीस, एवढ्या वेगाच्या शासकीय प्रमाणपत्रावर लिपिक-टंकलेखकाच्या जागेला अर्ज करता येत असे. भूमिहीन घरातला मॅट्रिक झालेला मुलगा तालुक्याच्या गावी टायपिंगच्या वर्गाला जाई. यंत्राने कोणाच्या बोटांची जात विचारली नाही. वर्गाची फी मात्र विचारली जाई. त्या फीसाठी घरातली शेळी विकल्याची उदाहरणे आपल्या वस्त्यांत आहेत. तहसील कचेरीसमोर छत्री लावून बसलेल्या टंकलेखकाकडे आपली माणसे अर्ज लिहून घ्यायला जात, आणि त्या यंत्रामागे आपलाच मुलगा बसला म्हणजे अर्जातला मजकूर बदलत असे. 'गरीब असून मेहेरबानी व्हावी' याऐवजी 'अमुक शासन निर्णयानुसार मला मिळावे' असे लिहिले जाऊ लागले.

बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत दिल्लीला नानकचंद रत्तू हे सरकारी नोकर कचेरीचे काम संपवून त्यांच्याकडे येत आणि टंकलेखन करीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचा मजकूर त्यांनीच टंकित केला. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्या ग्रंथाची प्रस्तावना, तसेच आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेल्या पत्रांच्या टंकित प्रती बाबासाहेबांनी आपल्या मेजावर ठेवून घेतल्या. त्यानंतरची सकाळ आपल्याला माहीत आहे. टंकलेखकाचे काम हलके समजणाऱ्यांनी रत्तूंच्या आठवणी वाचाव्यात.

संगणक आला आणि यंत्रांची मागणी झपाट्याने घटली. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने टंकयंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबविले. २०११ मध्ये शिल्लक राहिलेल्या मोजक्या यंत्रांची बातमी जगभरच्या वृत्तपत्रांत आली. शासकीय परीक्षाही पुढे संगणकावर गेली.

यंत्र गेले पण कंपनी राहिली. असे का झाले? कुलूप, तिजोरी, कपाट, खुर्ची, शीतकपाट असे तिचे अनेक हात होते. एक हात थकला तर दुसऱ्याने काम केले. आपण काय केले? एका पिढीने टायपिंगवर नोकरी मिळवली आणि पुढच्या पिढीलाही त्याच बाकावर बसवले. नोकरी वाईट असे मी म्हणत नाही, मी स्वतः नोकरीवरच जगतो. पण सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगात घालण्यासाठी, आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. चारांतले दोन, म्हणजे निम्मे! आपल्या घरांत हे दोन भाग बहुधा लग्नात आणि हुंड्यात जातात. बँकेच्या खिडकीतून मला जे दिसते ते असे, की आपली माणसे शिष्यवृत्ती, पगार, निवृत्तिवेतन काढायला येतात. धंद्याचे खाते उघडायला येणारा विरळा. तो आलाच तर कोटेशन नाही, ताळेबंद नाही, म्हणून परत जातो. २०१६ साली सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत बँकेच्या प्रत्येक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज द्यावे, असे ठरले होते. आपल्या पंचक्रोशीतून त्यासाठी किती जण गेले, हे सभागृहातल्यांनी आपापल्या मनाशी मोजावे.

आणखी एक. २०२४ साली गोदरेज घराण्याने आपल्या उद्योगांची वाटणी केली. गोदरेज आणि बॉईस जमशेद गोदरेज यांच्या शाखेकडे राहिली, बाकीच्या बहुतेक कंपन्या दुसऱ्या शाखेकडे गेल्या. हजारो कोटींची वाटणी समझोत्याने झाली. आपल्याकडे अर्ध्या एकराच्या बांधावरून सख्खे भाऊ दिंडोरीच्या कोर्टात वर्षानुवर्षे तारखा घेतात. वकिलाची फी बांधाच्या किमतीपेक्षा जास्त होते.

हा दिंडोरी तालुका दादासाहेब गायकवाडांचा. आंबे या गावी जन्मलेल्या त्या माणसाने काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात हजारो लोकांची व्यवस्था लावली. माणसांची यादी, पैशांची वही, पत्रांची नोंद, हे सारे त्यांना करावे लागले. ही कामे कारखान्यातही अशीच असतात.

विद्यार्थ्यांनी टंकलेखन आजही शिकावे, संगणकावर शिकावे, मराठीत शिकावे, आणि सोबत हिशेब लिहायला शिकावे. जुन्या यंत्रावरची मराठी कळांची मांडणी संगणकातही उपलब्ध आहे, तेव्हा घरातल्या थोरल्यांनी शिकवायला हरकत नाही. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर मी विहारात दोन तास बसेन. ज्यांना कर्जाचा अर्ज भरायचा असेल त्यांनी जातीचा दाखला, शिधापत्रिका, यंत्राचे किंवा मालाचे कोटेशन आणि मागील सहा महिन्यांचे पासबुक घेऊन यावे. कोटेशन दुकानाच्या शिक्क्याचे असावे, कोऱ्या कागदावरचे चालत नाही.

नमो बुद्धाय, जयभीम.