हाडे, सांधे व स्नायू : पाठ आणि प्रसंग



मनुष्यदेहाचा पाठ भिंतीवरील तक्त्यापासून सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. प्रौढ माणसाच्या शरीरात 206 हाडे असतात, हे वाक्य मुले पाठ करतात. परंतु ज्या हाताने ते लिहावयाचे, तो हात वाकतो कसा, असे विचारल्यास वर्ग निरुत्तर होतो. वस्तुतः या पाठाचे साहित्य प्रत्येक मूल घरूनच बरोबर आणते.

मुलाने डावा तळवा उजव्या दंडावर ठेवून कोपर वाकवावे. दंडाच्या पुढील बाजूचा द्विशिर स्नायू आखडून फुगीर झालेला हातास लागतो. नंतर उजव्या हाताने जमीन दाबावी. आता मागील त्रिशिर स्नायू घट्ट होतो. स्नायूस केवळ ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून वाकविण्यास एक व सरळ करण्यास दुसरा, अशी योजना असते. स्नायूची ओढ कंडरा हाडापर्यंत पोहोचवितात, अस्थिबंध सांध्यातील हाडे एकत्र राखतात आणि हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा घर्षण टाळते.

कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवल्यास ते लवचिक होते. त्यातील कॅल्शियमचे क्षार विरघळून चिवट भाग तेवढा उरतो. क्षारांमुळे हाडास काठिण्य येते, तर या चिवट भागामुळे ते सहजी तडकत नाही.

मुलांची हाडे प्रौढांच्या हाडांपेक्षा अधिक लवचिक असतात. त्यामुळे ओल्या फांदीप्रमाणे ती पुष्कळदा एका बाजूने मोडतात व दुसऱ्या बाजूने नुसती वाकतात. “बोटे हलतात, म्हणजे हाड शाबूत आहे,” हा समज म्हणूनच घातक ठरतो. शिवाय लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीचा भाग असतो. त्यास इजा होऊन ती दुर्लक्षित राहिल्यास हाताची वाढ खुंटू अथवा वाकडी होऊ शकते.

मधल्या सुटीत मूल चिंचेवरून पडले, तर शिक्षकाने हात चोळू नये, ओढू नये, सरळ करण्याचा आग्रह धरू नये. हात ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत, फूटपट्टी अथवा जाड पुठ्ठ्याचा आधार देऊन, पंचाच्या झोळीत ठेवावा. जखम असल्यास स्वच्छ कापडाने झाकावी. मान वा पाठ दुखावल्याची शंका असल्यास मुलास हलवू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरची मंडळी प्रेमापोटी तेल लावून कामट्या आवळून बांधतात. आवळलेल्या बंधनाने रक्तपुरवठा थांबून हात कायमचा गमावण्याची वेळ येते. बोटे थंड, निळसर अथवा बधिर झाल्यास बंधन तत्काळ सैल करावे व मुलास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. पालकसभेत ही एवढी गोष्ट शिक्षकाने समजावून सांगितली, तर हाडांचा पाठ गावापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.