सेंट्रिंगची पत
(सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतील भाषण)



रौप्यमहोत्सवानिमित्त आपण हॉल बांधायचं ठरवलंय. कोटेशनं आली. चर्चा सगळी सिमेंट, टाइल्स आणि रंगाची. सेंट्रिंगचं कुणी विचारत नाही, कारण ते शेवटी काढूनच न्यायचं असतं. मी इंजिनिअर नाही. बँकेत कर्जप्रकरणं तपासण्यात आयुष्य गेलं. तिथं धोका दोन अंगांनी बघतात. बुडण्याची शक्यता किती, आणि बुडालं तर नुकसान किती?

आधी नुकसान. हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबचं वजन साधारण २९ टन. काँक्रीट ताकद धरेपर्यंत हा भार, शिवाय वरची माणसं, सगळं टेकूंवर. पुण्यात बालेवाडीला २९ जुलै २०१६ रोजी काम चालू असताना स्लॅब कोसळून ९ मजूर गेले.

आता शक्यता. टेकू खचतो, वाकतो किंवा सरकतो. आपल्या कळंबच्या पावसात भरावाची जमीन मऊ होते. खाली जाड फळी नसेल तर टेकू रुततो. मग त्याचा बोजा शेजारच्यावर. जामीनदारांसारखंच आहे, एकानं हात वर केले की दुसरा अडचणीत! उंचीचंही तसंच. सडपातळ टेकूची उंची दुप्पट केली की ताकद जवळजवळ चौथाईवर येते. हॉलचं छत घरापेक्षा उंच, म्हणून मध्ये आडवे-तिरपे बांध हवेतच.

निलगिरीची बल्ली स्वस्त, पण वाकडी किंवा जोड दिलेली असली तर भरवसा नाही. लोखंडी जॅकची क्षमता माहीत असते. पण पिनेच्या जागी सळईचा तुकडा खुपसला की तीही गेली. म्हणजे नुसता माल बघून भागत नाही, लावणारा आणि तपासणाराही बघावा लागतो.

घाईचा धोका वेगळाच. आय. एस. ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस ठेवायचे. सहा मीटरवरच्या तुळईला २१ दिवस. मिश्र सिमेंटला याहून जास्तही लागतात.

म्हणून माझी सूचना अशी: सेंट्रिंगचा आराखडा कोटेशनसोबत मागावा, काँक्रीट ओतण्यापूर्वी इंजिनिअरनं तपासून लेखी सही द्यावी, ओतताना स्लॅबखाली कुणाला थांबू देऊ नये आणि टेकू त्याच्या लेखी परवानगीशिवाय काढू नयेत. यानं खर्च थोडा वाढेल. पण स्लॅबवर घमेली वाहणारी माणसं आजूबाजूच्या वाड्यांवरचीच असतील. त्यांच्या जिवावर बचत नको. सभेनं हा ठराव मंजूर करावा, ही विनंती.