जंतू मेल्यानंतरचा भडका

संसर्गानं रक्तदाब इतका घसरतो की तो टिकवायलाही औषध लागतं, तेव्हा डॉक्टर सेप्टिक शॉक म्हणतात. अशा रुग्णाला अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासाभरात द्यावं, असं २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र जंतू मेला म्हणजे त्याचा उपद्रव संपला, असं नाही.

१८९२च्या सुमारास बर्लिनमध्ये रिचर्ड फायफर यांना आढळलं, की कॉलऱ्याचे मेलेले जंतूही गिनिपिगचा जीव घेतात. विष जंतूच्या अंगातच होतं. ते एंडोटॉक्सिन. ई. कोलायसारख्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात ते असतं. पेनिसिलिनच्या कुळातली बरीच औषधं जंतूची भिंत कमकुवत करतात. जंतू फुटतो, विष रक्तात मोकळं होतं आणि आधीच खवळलेल्या पांढऱ्या पेशी आणखी दाहक रसायनं सोडतात. आपल्या कोकणात पावसाळ्यात दिसणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्येही, विष जरा निराळं असलं तरी, पहिल्या डोसनंतर काही तासांत कधीकधी थंडी-ताप उसळतो.

क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकची तऱ्हा वेगळी, आणि मला तरी जास्त हुशारीची वाटते. ते जंतूचं प्रथिनं बनवणंच थांबवतं. स्ट्रेप्टोकोकस या जंतूची घातक विषं प्रथिनंच असतात, म्हणून त्या विषांमुळे होणाऱ्या टॉक्सिक शॉकमध्ये पेनिसिलिनच्या जोडीला ते देतात.

जंतू फुटून उडणाऱ्या भडक्याला घाबरून औषध लांबवत मात्र नाहीत. जंतू वाढत राहिले, तर विषाचा साठाही वाढतच जातो.