गिलाव्याखालचें घर

आज मला आपणांशीं जुन्या लांकडी घरांविषयीं बोलावयाचें आहे. तींही अशीं, कीं जीं डोळ्यांसमोर असून दिसत नाहींत.

उत्तर अमेरिकेंत वसाहतवाल्यांनीं ओंडके एकावर एक रचून घरें बांधलीं. पुढें स्थिति सुधारली, कीं बाहेरून फळ्यांचें आवरण आणि आंतून गिलावा चढे. मग कित्येक पिढ्यांनीं घर पाडावयास घ्यावें, एक फळी निघावी आणि आंत कुऱ्हाडीनें तासलेला ओंडका दिसावा, असें तिकडे अनेकदां घडलें आहे.

आपल्या कोंकणपट्टींत ओंडक्यांचीं घरें नसलीं, तरी लांकडी सांगाड्याचीं आहेत. मीरा-भाईंदरचेंच पाहा. येथें १९८५ सालीं नगरपालिका व २००२ सालीं महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत वस्ती आठ लाखांवर गेली. परंतु या शहराच्या पोटांत राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन हीं आगरी, कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचीं जुनीं गांवें आहेत. अशा गांवांतील जुन्या पद्धतीच्या घरांत दगडी जोत्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाटाचा माळा आणि वर कौलांचें छप्पर असे. भार पेलावयाचा तो खांबांनीं. भिंत हा केवळ आडोसा.

पुढें ओटी बंद होऊन खोली झाली, कौलें जाऊन पत्रा आला, खांबांभोंवतीं विटा व सिमेंट चढलें. घर ‘नवें’ दिसूं लागलें. पण सांगाडा तोच राहिला. भिंतीच्या कोपऱ्यांत अकारण जाडी वाटली, तर ठोकून पाहावें. लांकडाचा आवाज दगडविटांहून निराळा येतो. खोट्या छताची एक फळी काढली, तरी कडीपाट दिसूं शकतो.

हें पाहणें केवळ हौसेचें नव्हे. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आंत कोंडून ठेवतें. मग तुळईचें भिंतींत गेलेलें टोंक कुजतें, वाळवी लागते आणि मजबुतीसाठीं केलेला लेपच घराचा घात करतो. अशा वेळीं सबंध तुळई फेंकण्याचें कारण नाहीं. कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या लांकडाचा सांधा देतां येतो. हें काम जाणत्या सुताराचें आहे. भिंत फोडण्यापूर्वीं टेंकू दिलाच पाहिजे.

लांकूड टिकत नाहीं, हा आक्षेप नेहमींचा. त्यास पुण्याचा विश्रामबागवाडा उत्तर देतो. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यांत १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा भरूं लागली, १८७९ सालीं त्याचा कांहीं भाग आगींत गेला; तरीही त्याचा कोरीव सागवानी दर्शनी भाग आज भर रस्त्यावर उभा आहे.

पण वाड्यास जें रक्षण लाभतें, तें साध्या घरास लाभत नाहीं. मुंबईनें १९९५ सालीं वारसा वास्तूंचे नियम केले. त्यांची हद्द दहिसरला संपते. शिवाय जुन्या सागास बाजारांत चांगली किंमत येते. म्हणून घर पडतें, तुळया वखारींत जातात आणि त्यांचीं मेजें-कपाटें होतात.

घरमालकानें गैरसोयींत दिवस काढावे, असें माझें म्हणणें नाहीं. मोरी, स्वयंपाकघर, विजेची सोय मागील बाजूस नवीं करावीं; सांगाडा मात्र राखावा. तोही राखणें अशक्य झालें, तर मापें व छायाचित्रें घ्यावीं, प्रत्येक लांकडावर क्रमांक घालावा आणि मगच तें उतरवावें. खांचा व खुंट्यांनीं जोडलेलें घर उकलतां येतें आणि पुन्हां उभेंही करतां येतें. स्वीडनमध्यें स्टॉकहोम येथें १८९१ सालीं स्कान्सेन नांवाचें संग्रहालय उघडलें, तें अशाच उचलून आणलेल्या शेतकऱ्यांच्या घरांचें.

पाडलेलें घर फिरून बांधतां येत नाहीं. लपलेलें मात्र उघडें करतां येतें. तेव्हां पहार उचलण्यापूर्वीं एकदां गिलाव्याखालीं काय आहे, तें पाहावें, एवढीच विनंती.