वर्ग भरण्यापूर्वीचे काम



ज्याचे आयुष्य मागावरच्या माणसांत गेले त्याने शाळेच्या वर्गावर काय बोलावे, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आमचे शिक्षण बेताचे. वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. पण तीस-चाळीस जीवांना एका खोलीत एका कामाला लावणे म्हणजे काय, हे आम्हांला थोडेफार ठाऊक आहे. नवे मास्तर किंवा नव्या बाई पहिल्या महिन्यात अडतात त्या नेमक्या इथेच. गणित येत असते. वर्ग आवरत नाही. मग आवाज चढतो. आवाज चढला की मुलांना कळते की यांच्यापाशी दुसरे काही नाही.

इचलकरंजीत यंत्रमागावरचा मुरलेला कामगार पाहा. चार माग एकटा सांभाळतो. एकावर वाकून तुटलेला धागा जोडीत असतो, पण कान उरलेल्या तिहींवर. कोणत्या धोट्यातली कांडी संपत आली, ते माग थांबण्यापूर्वीच त्याने हेरलेले असते. नवखा माणूस माग बंद पडल्यावर धावतो, आणि एकाकडे धावला की दुसरा बंद पडतो. जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चालू वर्गांचे चित्रीकरण करून हाच प्रश्न तपासला आणि १९७० साली पुस्तकात मांडला. गडबड झाल्यावर शिक्षक कसा रागावतो, यावरून चांगला वर्ग वेगळा काढता येईना. फरक दिसला तो आधीच्या वागण्यात. शिक्षकाचे लक्ष साऱ्या खोलीवर आहे हे मुलांना जाणवते का? एका कामातून दुसऱ्यात जाताना खोळंबा होतो का?

खोळंबा हा शब्द ध्यानात ठेवा. वह्या वाटण्यात दहा मिनिटे गेली, तर तेवढ्या वेळात मुलांनी करावयाचे काय? ती एकमेकांना चिमटेच काढणार. म्हणून पहिल्या दिवसाच्या आधी कागद घेऊन बसावे. कोणी कोठे बसावयाचे, वह्या कोणी वाटावयाच्या, पाणी प्यायला केव्हा जावयाचे, ज्याचे गणित लवकर सुटले त्याने पुढे काय करावयाचे, सर्वांनी गप्प व्हावे यासाठी कोणती खूण. बाबी चिल्लर दिसतात. पहिला आठवडा धड्याइतकाच त्यांच्या सरावात घालवला, तरी तो वाया गेला असे आम्ही मानणार नाही.

नियमांचेही तसेच. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कारखान्याचे नियम प्रवेशद्वाराशी, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही लावावयास सांगितले होते. (तो कायदा आता नव्या संहितेत गेला, त्यावर बोलू लागलो तर अध्यक्ष घंटा वाजवतील.) न सांगितलेला नियम मोडला म्हणून दंड झाला की माणूस चिडतो. आठ वर्षांचे मूलही चिडते. तेव्हा नियम तीन-चारच असावेत, मुलांशी बोलून ठरवावेत, भिंतीवर लावावेत, आणि पाटलाच्या मुलाला व गड्याच्या मुलाला सारखेच लागू करावेत. एकाच्या खोडीपायी सगळ्या वर्गाला उभे करू नये. एका कामगाराच्या चुकीसाठी साऱ्या पाळीला दंड लावणारा व्यवस्थापक आमचे अर्धे काम स्वतःच करून ठेवी. दुसऱ्या दिवशी पाळी एक झालेली असे, त्याच्याविरुद्ध.

आता छडीविषयी. पालक येऊन म्हणतात, "मास्तर, दोन ठेवून द्या, आमची तक्रार नाही." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली आहे. आम्हांला ती पसंत आहे. पण छडी काढून घेतली, तर हातात दुसरे काही द्यावयास नको का? त्याच कायद्यात प्राथमिक शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. इयत्ता मात्र चार किंवा पाच! म्हणजे द्विशिक्षकी शाळेत एकाकडे दोन-तीन इयत्ता. तिथे तयारीवाचून तरणोपाय नाही. धाकट्यांना आधी शिकवावे, कारण त्यांना थांबता येत नाही. तोवर मधली जोडीजोडीने वाचतील, मोठी लिहितील. मग पाळी फिरवावी. प्रत्येक गटाचे काम फळ्यावर आधी लिहिलेले हवे.

हे सारे करावयास वेळ लागतो, आणि वेळ हा मजुरीचा प्रश्न आहे. कायद्याने शिक्षकाचा आठवडा किमान पंचेचाळीस तासांचा धरला, तो तयारीचे तास धरून. म्हणजे तयारी हे काम आहे, हौस नव्हे. आपल्याकडे २००० सालापासून नवा शिक्षक तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर लागतो. प्राथमिकचे मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजारांवर आले. एवढ्यावर राबणाऱ्या माणसाचे तयारीचे तास माहितीचे तक्ते भरण्यात गेले, तर सोमवारी तो वर्गात रिकाम्या हातानेच शिरणार.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात, म्हणजे तुम्हीच. पुढच्या बैठकीत "नव्या बाई कडक आहेत ना?" असे विचारू नका. त्यांना या आठवड्यात तयारीला किती तास मिळाले, ते विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.